पाम तेल मिलचा कचरा परत कामाला कसा लावायचा

१०० किलो ताजे पामचे घड मिलच्या गेटमधून आत आले की त्यातून कच्चं तेल निघतं २०-२२ किलो, बियांमधला गर अजून ५-६ किलो, बस. बाकी सगळं म्हणजे रिकामे घड (फळं काढल्यावर उरलेला सांगाडा), चोथा, बियांच्या करवंट्या, गाळ आणि टाक्याच्या टाक्या घाण पाणी, आणि हे सगळं मिलवाल्याने घडांबरोबर पैसे मोजून, ट्रकचं भाडं भरून आणलेलं असतं. हल्ली जो तो सर्क्युलर इकॉनॉमी (कचरा परत कच्चा माल म्हणून फिरवायचा) म्हणतोय, प्रेझेंटेशनमध्ये हिरवे बाण गोल फिरतात, पण मिलच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं तर रिकाम्या घडांचा डोंगर कुजत पडलेला आणि पुढे ऑफिसात पोटॅश खताची बिलं पास होतायत. हे दोन्ही एकाच आवारात चालू असेल तर ते चक्र कागदावरच आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, की बागेतून जे पालाश (म्हणजे पोटॅशियम) आणि नत्र घडांबरोबर आलं ते आधी बागेत परत गेलं पाहिजे, मग उरलेल्यातून काय विकायचं ते विका.

जगातलं ८० टक्क्यांहून जास्त पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियात होतं, त्यामुळे कचऱ्याचा अनुभवही जास्त करून तिथलाच आहे आणि खालचे आकडे तिथल्या मिलमध्ये साधारण येतात तेच धरलेत. तुमच्या मिलमध्ये थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून तर पहिलं काम मोजायचं.

आधी मोजा, मशीन नंतर

तासाला ३० टनांची मिल धरू, दिवसाला २० तास चालली तर ६०० टन घड. त्यातून रोज निघणार रिकामे घड १३० टनांच्या आसपास, चोथा ८० टन, करवंटी ३५ टन आणि सांडपाणी ३९० घनमीटर, कारण टनामागे साधारण ०.६५ घनमीटर पडतं. डिकँटर (तेलातून गाळ वेगळा करणारं फिरतं यंत्र) लावलेला असेल तर त्याचा गाळही वेगळा येतो, दिवसाला वीसेक टन.

घडांचं आणि करवंटीचं वजन काट्यावर सहज कळतं, अडतं ते पाण्याशी. बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचा आकडा 'अंदाजे' असतो, म्हणजे कुणीतरी पूर्वी एकदा काढलेला आणि मग दरवर्षीच्या रिपोर्टमध्ये तोच उतरवलेला. फ्लो मीटर बसवा आणि तोही एकच नको, कारण हे पाणी तीन ठिकाणांहून येतं. घड वाफेवर शिजवतात त्या स्टरिलायझरचं कंडेन्सेट (थंड होऊन पाणी झालेली वाफ) साधारण ३६ टक्के, तेल निवळतात तिथला गाळपाण्याचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास, आणि गर-करवंटी वेगळी करणाऱ्या हायड्रोसायक्लोनचं थोडंसं. तिन्ही वेगवेगळे मोजले तर कुठे पाणी वाया घालवताय ते महिनाभरात दिसतं. आणि हो, पावसाचं गटार वेगळं आणि सांडपाण्याचं वेगळं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात सगळं डिझाइन वाहून जातं, १० कोटींचा प्लांट असो की ५० कोटींचा.

पाण्यातून चाललेलं तेल

सांडपाण्यात साधारण ०.६ ते ०.७ टक्के तेल असतं. ऐकायला काहीच नाही, पण ३९० टन पाण्यात ते झालं रोज अडीच टन तेल. म्हणून बायोगॅस, कंपोस्ट वगैरेच्या आधी हे तेल बघा. निवळण्याच्या टाकीचं तापमान ९० अंशांच्या आसपास टिकतंय का, प्रेसमधून आलेल्या तेलात पाणी जास्त तर घालत नाही ना, फार पिकलेले आणि आपटून ठेचलेले घड स्टरिलायझरमध्ये जातायत का, कारण अशा घडांचं तेल कंडेन्सेटबरोबर सुटून येतं. ही कामं बिनखर्चाची आहेत आणि नेमकी म्हणूनच कुणाला त्यात इंटरेस्ट नसतो.

मग जे तेल तरीही गेलंच ते गाळाच्या खड्ड्यात वर तरंगतं, तिथून स्किमर लावून काढायचं. हे तेल वेगळ्या टाकीत ठेवा, चांगल्या तेलात परत सोडू नका. यात मोकळी फॅटी ॲसिड खूप वाढलेली असतात, थोडंसं मिसळलं तरी पूर्ण टाकीचा ग्रेड खाली येतो. साबण, बायोडिझेल यासाठी त्याला वेगळा ग्राहक असतो आणि भावही चांगला मिळतो, त्याबद्दल शेवटी बोलू कारण त्यात एक गडबड आहे.

सांडपाणी: गॅस घ्या, खत पाण्यातच राहतं

मिलमधून बाहेर पडतं तेव्हा हे पाणी ८०-९० अंश गरम, तपकिरी, दाट, पीएच ४ ते ५. बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५,००० मिलीग्रॅमच्या घरात आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) ५०,००० च्या. विषारी नाही, ९५ टक्के पाणीच आहे, पण नदीत सोडलं तर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि मासे मरतात. मलेशियात ७० च्या दशकात नद्यांची अशीच वाट लागली होती, मग १९७४ चा पर्यावरण कायदा आणि १९७७ चे पाम तेल मिलसाठीचे खास नियम आले. ते नियम कसे आणले हे बघण्यासारखं आहे, एकदम फास नाही आवळला, १९७८ मध्ये बीओडीची मर्यादा ५,००० ठेवली आणि टप्प्याटप्प्याने उतरवत १९८४ पर्यंत १०० वर आणली. मिलवाल्यांना तळी खोदायला, शिकायला वेळ मिळाला.

ती तळी म्हणजे थंड करायचं, मग आंबवायचं, मग हवेशिवाय कुजवायचं, मग हवेशी खेळवायचं, अशी एकामागे एक. काम होतं, पण हवेशिवायच्या तळ्यातून मिथेन सरळ वर जातो. एक घनमीटर सांडपाण्यातून साधारण २८ घनमीटर बायोगॅस निघतो, त्यात ६०-६५ टक्के मिथेन. आपल्या मिलचा हिशोब केला तर रोज जवळपास ११,००० घनमीटर गॅस, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास मिथेन. तो सगळा हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात, म्हणजे रोजचे १२५ टन झाले. मलेशियाने २०१४ पासून नव्या मिलना गॅस पकडणं सक्तीचं केलं ते यामुळेच.

पकडायचा कसा, तर दोन रस्ते. तळ्यावर जाड प्लॅस्टिकचं कव्हर टाकायचं, किंवा टाकीचा डायजेस्टर (हवाबंद कुजवायची टाकी) बांधायचा. जागा भरपूर आणि पैसे कमी असतील तर कव्हर बरं, फक्त तळाशी गाळ साचतो तो काढायचे पाइप पहिल्याच दिवशी टाकून ठेवा, नंतर कव्हर उचलून गाळ काढणं म्हणजे प्रकल्प परत पहिल्यापासून करण्यासारखं आहे. टाकीत कंट्रोल जास्त मिळतो पण माणूसही शिकलेला लागतो.

चालू करताना घाई केली की पोट बिघडतंच. जुन्या तळ्यातला काळा गाळ विरजण म्हणून भरा, सांडपाणी ३५-४० अंशांपर्यंत थंड करून (किंवा गरम पद्धतीने चालवणार असाल तर ५५ च्या आसपास) थोडं थोडं द्यायला लागा, आणि रोज पीएचबरोबर आम्ल आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) यांचं गुणोत्तर काढा. नुसत्या पीएचवर जाऊ नका, पीएच खाली यायला लागतो तोपर्यंत आतले मिथेनवाले जिवाणू आधीच आजारी पडलेले असतात, गुणोत्तर मात्र आधी सांगतं. ते ०.३ च्या वर चढायला लागलं की खाद्य कमी करायचं, दोन दिवस बंद ठेवलं तरी चालेल. चुना ओतून पीएच वर काढायचा मोह होतो, त्याने आकडा सुधारतो, आतलं दुखणं तसंच राहतं.

या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड १,५०० ते ३,००० पीपीएम असतो. इंजिनाला तर तो खातोच, म्हणून आधी स्क्रबर (गॅस धुणारं यंत्र) लागतो, पण माणसाला तो त्याहून वाईट. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला गॅस. टाकीत, खड्ड्यात, मॅनहोलमध्ये मीटर लावल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, आणि कुणी आत पडला तर त्याला काढायला दुसऱ्याने तसंच उतरायचं नाही. एकामागे एक माणसं जातात ती अशीच.

आता गॅसचं काय करायचं. ११,००० घनमीटरपासून इंजिनवर दिवसाला २०-२२ हजार युनिट वीज होते, म्हणजे सतत ९०० किलोवॅट. मस्त आहे, पण मिलला स्वतःची वीज चोथा जाळून आधीच मिळत असते, तेव्हा ही वीज ग्रिडलाच द्यावी लागते आणि मिल असते बागांच्या मध्यभागी, ग्रिड कुठेतरी लांब. लाइन टाकायचा खर्च इंजिनाच्या वर जायला वेळ लागत नाही. त्यामुळे ग्रिड जवळ नसेल तर मी सरळ म्हणेन की गॅस बॉयलरला लावा, तेवढी करवंटी जाळायची वाचते आणि करवंटीला बाहेर गिऱ्हाईक आहे. गॅस शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरणं, ट्रक त्यावर चालवणं हेही होतं, ते मोठ्या कंपन्यांनी करावं. आणि काहीच जमत नसेल तर निदान फ्लेअरवर (गॅस जाळायच्या नळीवर) जाळून टाका, मोकळा सोडू नका.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. डायजेस्टरमधून कार्बन गेला, गॅस झाला, पण नत्र, स्फुरद, पालाश गॅसबरोबर जात नाही, ते सगळं बाहेर येणाऱ्या पाण्यात आणि गाळात तसंच असतं. म्हणजे डायजेस्टरनंतरचं पाणी हे पातळ खत आहे, ते 'ट्रीट करून सोडून' देणं म्हणजे परत खत फेकणंच. बागेत चरातून द्या, नियमाने परवानगी असेल तिथेच आणि तेवढंच, किंवा कंपोस्टवर टाका. तिथेच रिकाम्या घडांची गाठ पडते.

रिकामे घड

यात ६५ टक्के पाणी असतं, हे आधी डोक्यात ठेवा. कोरड्या मालात पालाश (K) साधारण २.४ टक्के आणि नत्र ०.८ टक्के. १३० टन ओल्या घडात ४५ टन कोरडा माल, त्यात १,१०० किलो पालाश, आणि म्युरेट ऑफ पोटॅश या नेहमीच्या पोटॅश खतात निम्मा पालाश असतो म्हणून हे झालं रोजचं २ टनांहून जास्त पोटॅश खत. महिन्याला २५ दिवस मिल चालली तर ५० टनांच्या वर. हा हिशोब तुमच्या आकड्यांनी एकदा अकाउंट्सवाल्यांसमोर करून ठेवा, घडांना कचरा म्हणायचं आपोआप बंद होतं.

सगळ्यात सोपं म्हणजे आच्छादन. घड घेऊन आलेला ट्रक रिकामा परत जातच असतो, त्यात रिकामे घड भरून बागेत पाठवा. हेक्टरी ४० टन धरले आणि हेक्टरला १४० च्या आसपास झाडं असतात तर झाडामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो पडतात. ते एका थरात पसरायचे, दोन ओळींच्या मधे, बुंध्याला चिकटवून नाही. एका थरात यावर मी अडून बसतो कारण ढीग केला की आत ओलं-गरम राहतं आणि गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो, अळ्या कुजक्या मालात पोसतात आणि मोठा भुंगा जाऊन झाडाच्या शेंड्यात भोक पाडतो. नवीन लावलेली लहान झाडं तर यात मरतातही, म्हणून नव्या लागवडीच्या शेजारी घड टाकायचे तर जास्तच पातळ पसरा आणि गंधसापळे लावा. मेटारायझियम नावाची बुरशी अळ्यांना मारते, तीही वापरतात. पण मजुराला ट्रक लवकर रिकामा करायचा असतो, तो रस्त्याच्या कडेला एका जागी ओतून मोकळा होतो, तेव्हा मजुरी टनावर ठेवू नका, पसरलेल्या ओळींवर ठेवा.

बाग लांब असेल तर ६५ टक्के पाणी ट्रकने वाहून नेणं परवडत नाही, मग कंपोस्ट. घड आधी श्रेडरमधून फाडून घ्यायचे, बोटभर ते हातभर तुकडे झाले तरी चालतात पण अख्खा घड कुजता कुजत नाही. लांब ओळी लावा, दीड मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, मग सांडपाणी (डायजेस्टरचं असो की तळ्यातलं) वरून शिंपत जायचं आणि मशीनने उलटापालट करायची, सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी. घडात कार्बन जास्त नत्र कमी, कर्ब-नत्र गुणोत्तर ५० च्या आसपास, आणि सांडपाण्यात नत्र आहे, ओलावा आहे, जिवाणू आहेत. आतली उष्णता ६० अंशांवर जाते आणि तीच पाणी उडवून टाकते, म्हणून ओळ परत तहानलेली होते आणि परत पाणी पिते. असं करत एक टन घड पूर्ण काळात तीनेक घनमीटर सांडपाणी पिऊन टाकतात. आता बघा, रोजचे १३० टन घड गुणिले ३ म्हणजे ३९०, आणि आपलं सांडपाणीही ३९०. हा योगायोग भारी आहे, सांडपाणी बाहेर न सोडणारी मिल म्हणून जे सांगतात ते याच गणितावर उभं असतं.

फक्त हे गणित उन्हातलं आहे. पावसात ओळीवर वरून पाणी, खालून पाणी, हवा आत जात नाही, वास सुटतो आणि खालून काळं पाणी गळायला लागतं. छप्पर पाहिजे, नाहीतर निदान हवा जाऊ देणारं कापडी कव्हर, जमीन पक्की आणि गळणारं पाणी परत तळ्यात जाईल असा उतार. ओलावा बघायला लॅब नको, मूठभर माल घट्ट दाबा, बोटांतून पाणी टपकलं तर जास्त झालंय, हात नुसता ओला झाला तर बरोबर, आणि मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर पडलं तर पाणी द्या. दोन ते तीन महिन्यांत माल काळा होतो, वजन निम्म्याच्या आसपास उतरतं, गुणोत्तर २० च्या खाली येतं. त्याच्या आधी घाईने बागेत टाकलं तर ते मातीतलाच नत्र ओढून घेतं आणि झाडं पिवळी पडली म्हणून कंपोस्टला नावं ठेवतात.

घड जाळायचे का? पूर्वी इन्सिनरेटरमध्ये जाळून राख बागेत टाकायचे, पालाश मिळायचा पण नत्र आणि सेंद्रिय माल धुरात जायचा, आणि धूर असा पांढरा दाट की ते बंद करायला लावलं. बॉयलरमध्ये टाकायचे तर फाडून, स्क्रू प्रेसमधून पिळून ओलावा ४५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, पिळलेल्या पाण्यातून थोडं तेल मिळतं हे खरं. पण पालाशमुळे राख कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर दगडासारखी बसते. शिवाय पिळलेल्या पाण्यात पालाशही निघून जातो. दुसरं इंधन असताना हा उद्योग मला तरी पटत नाही.

चोथा, करवंटी, राख

इथे फार काही सांगण्यासारखं नाही कारण हे आधीपासूनच चालू आहे. उसाच्या चिपाडावर साखर कारखाना चालतो तशी ही मिल स्वतःच्या चोथ्यावर आणि थोड्या करवंटीवर वाफ आणि वीज करते. घडांच्या टनामागे साधारण अर्धा टन वाफ आणि १७ ते २० युनिट वीज लागते, चोथा त्याला जवळजवळ पुरतो. तरी बॉयलरवाले करवंटी फावड्याने टाकत राहतात कारण तिने वाफ पटकन चढते. वाफेची गळती, इन्सुलेशन, बॉयलरला जास्तीची हवा एवढं नीट केलं तरी करवंटी उरायला लागते.

उरलेली करवंटी हा मिलच्या कचऱ्यातला सगळ्यात आयता विकणारा माल आहे. किलोला १७ ते २० मेगाजूल उष्णता, कोरडी, कडक, साठवायला सोपी. जपानने २०१२ मध्ये अपारंपरिक विजेला हमीभाव दिल्यापासून तिथली बायोमास वीजकेंद्रं जहाजं भरभरून करवंटी घेतात, पण ती टिकाऊपणाचं प्रमाणपत्र मागतात. सक्रिय कोळसाही चांगला होतो. करवंटीत पालाश फार नसतो, त्यामुळे ती बाहेर विकली तर बागेचं फारसं काही जात नाही, म्हणून विकायचं तर आधी हीच. विकताना त्यात चोथा आणि माती येऊ देऊ नका, ढीग मातीवर न लावता काँक्रीटवर लावा, भाव तिथेच पडतो.

बॉयलरच्या राखेत पालाश, कॅल्शियम, सिलिका असतं आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते. आम्ल जमिनीत, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या) जमिनीत तिचा चुन्यासारखा उपयोग होतो. ताज्या कंपोस्टच्या ओळीत मात्र ती सुरुवातीला मिसळू नका, अमोनिया उडून जातो आणि डोळे चुरचुरतात, कंपोस्ट तयार झाल्यावर मिसळा. बारीक दळून सिमेंटच्या काही भागाऐवजीही वापरता येते, विटा-ब्लॉकवाला जवळ असेल तर विचारून बघा.

पेंड

गरातलं तेल काढल्यावरची पेंड, प्रथिनं १४ ते १८ टक्के. गाईगुरांना खुराकात ३० टक्क्यांपर्यंत आरामात चालते, न्यूझीलंडच्या दूध धंद्याने ती वर्षानुवर्षं आयात केली. कोंबड्यांना फार देता येत नाही, तंतू जास्त आणि करवंटीचे कण खरखरीत. मेंढ्यांना तर जपूनच, कारण या पेंडीत तांबं जास्त असतं आणि मेंढीच्या यकृतात ते साठत जातं, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस जनावर पडतं. हे पोत्यावर लिहा, मेंढ्यांना दीर्घकाळ देऊ नये म्हणून, ठळक. साठवण कोरडी पाहिजे, ओली झाली की बुरशी धरते आणि गरम होते.

डिकँटरचा गाळही नत्रवाला असतो, पण तो ओला असतो आणि दोन दिवसांत आंबतो. खाद्य करायचं तर लगेच वाळवा, जमत नसेल तर कंपोस्टच्या ओळीत जाऊ द्या, तिथे तो सोनं आहे.

बागेतलं बागेत

छाटलेल्या झावळ्या उचलून कारखान्यात न्यायच्या योजना अधूनमधून येतात. ओळींमध्ये रचून ठेवलेल्या झावळ्या माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात आणि कुजून खत देतात, ते काम फुकटात चाललंय. जनावरं असतील तर थोड्या चिरून मुरघास करा, बाकीच्या राहू द्या.

२५ वर्षांच्या आसपास झाडं उंच होतात, काढणी परवडत नाही, मग बाग पाडून नवी लावतात. त्या वेळी खोडांचा जो पसारा होतो तो पूर्वी पेटवून द्यायचे. १९९७ चा धूर सगळ्या आग्नेय आशियाने बघितला, २००२ मध्ये आसियान देशांनी सीमेपलीकडे जाणाऱ्या धुराबाबत करारही केला. आता खोडं एक्स्कॅव्हेटरने पातळ कापून पसरवायची, वर वेलवर्गीय आच्छादन पीक लावायचं, म्हणजे लवकर कुजतात आणि गेंड्या भुंग्याला जागा सापडत नाही. गॅनोडर्मा (बुंधा कुजवणारी बुरशी) लागलेलं झाड असेल तर बुंधा मुळासकट खणून काढा आणि बारीक करा, नाहीतर तो रोग नव्या रोपाला वारसा म्हणून मिळतो. खोडाच्या रसात साखर असते आणि जपानच्या जिरकास या संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय, प्लायवूडही होतं, पण दोन्हीला जवळ कारखाना पाहिजे, ओलं खोड लांब नेऊन उपयोग नाही.

रिफायनरीतली वापरलेली माती

तेलाचा रंग काढायला ब्लीचिंगची माती वापरतात, ती फिल्टरमधून बाहेर पडते तेव्हा तिच्यात २० ते ३० टक्के तेल अडकलेलं असतं. ही माती स्वतःहून पेट घेते. बारीक कण, मोठा पृष्ठभाग, त्यावर तेलाचा पापुद्रा आणि हवा, ढिगाच्या आत उष्णता साठत जाते आणि आधी धूर मग आग. म्हणून मोठे ढीग नकोत, फिल्टरमधून सोडण्याआधी वाफ किंवा नायट्रोजन फुंकून अडकलेलं तेल कमी करा, झाकलेल्या कंटेनरमध्ये ठेवा आणि लवकर हलवा. सॉल्व्हंटने तेल काढून घेतलं तर ते बायोडिझेलला जातं, आणि तेल निघालेली माती सिमेंटच्या भट्टीत, विटांमध्ये चालते. अनेक ठिकाणी ही माती धोकादायक कचऱ्यात धरतात, त्यामुळे नेणाऱ्याकडे परवाना आहे का ते बघितल्याशिवाय ट्रक भरू देऊ नका, स्वस्तात नेतो म्हणणारा कुठे नेऊन ओततो ते नंतर तुमच्याच नावावर निघतं.

विकताना कागद

स्किमरने काढलेल्या तेलातली गडबड म्हणालो ती ही. युरोपच्या नियमात सांडपाण्यातलं तेल आणि रिकामे घड हे प्रगत जैवइंधनाच्या कच्च्या मालाच्या यादीत आहेत, त्यामुळे या टाकाऊ तेलाला कधीकधी चांगल्या तेलापेक्षा जास्त भाव येतो. मग काय होणार ते उघड आहे, चांगलं तेल टाकाऊ म्हणून विकायचा मोह. इंडोनेशियाने जानेवारी २०२५ मध्ये या मालाच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा कारणांमध्ये हेही होतं, की निर्यात होणारा माल मिलमधून निघू शकेल त्यापेक्षा जास्त दिसत होता.

तुमचा माल खरा असेल तर ते दाखवता आलं पाहिजे, आणि ते दाखवणारं वहीत आधीच असतं, त्या दिवशी किती घड आले, किती सांडपाणी निघालं, त्यात तेल किती टक्के होतं आणि खड्ड्यातून किती काढलं. ६०० टन घडांच्या मिलने रोज दहा टन सांडपाण्याचं तेल विकलं असं कागदावर दिसलं तर ऑडिटर पहिल्या पानावरच थांबेल, कारण मुळात पाण्यात अडीच टनच होतं. म्हणून फ्लो मीटरचे आकडे आणि लॅबचे रिपोर्ट तारखेने लावून ठेवा, ट्रकची पावती त्याच दिवसाच्या नोंदीला जोडा, आणि टाकी सील करताना नमुन्याची एक बाटली मिलमध्ये राहू द्या.